लेखी द्या: आकाशवाणी-दूरदर्शनचं स्वातंत्र्य नेमकं कुठे गळतं

प्रश्न नांदेडच्या एका पत्रकारितेच्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "प्रसारभारती कायद्याने स्वायत्त आहे असं आम्हाला शिकवतात. पण पगार सरकार देतं. मग बातमी सरकारच्या मर्जीची होणार नाही, हे कसं शक्य आहे? त्यापेक्षा अनुदान बंद करून आकाशवाणी आणि दूरदर्शन जाहिरातींवर चालवलं तर काय बिघडेल? अमेरिकेने २०२५ मध्ये तेच केलं ना?"

प्रसारभारती म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारं महामंडळ. मी आकाशवाणीत तीस वर्षांहून अधिक नोकरी केली. त्यातली बरीचशी महाराष्ट्रातल्या लहान केंद्रांवर, कार्यक्रम विभागात, आणि वृत्तविभाग शेजारच्या खोलीत. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. पैसा सरकारी तिजोरीतून येतो म्हणून स्वातंत्र्य जातं, असं मला वाटत नाही. तो पैसा दरवर्षी मागावा लागतो, किती द्यायचा आणि कधी सोडायचा हे माहिती व प्रसारण मंत्रालय ठरवतं, आणि बातमीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाची बदलीही तेच मंत्रालय करतं. स्वातंत्र्य तिथे जातं. जाहिरातींवर सोडलं तर ही तिन्ही दुखणी जाणार नाहीत, उलट एक नवं जडेल. त्याकडे पुढे येतो.

आधी एक प्रसंग. केंद्राचं नाव सांगत नाही. संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम होता, थेट प्रसारण, श्रोत्यांचे फोन घ्यायचे. विषय पीकविम्याचा. भरपाई अडकल्याची पत्रं महिनाभर येत होती, पोतंभर साठली होती म्हणा ना. कृषी खात्याचे एक अधिकारी आणि दोन शेतकरी बोलवले होते. दुपारी साडेचारला केंद्रप्रमुख स्वतः ड्युटी रूममध्ये आले. एरवी ते कुणाला तरी पाठवत. म्हणाले, "वरून फोन होता. आजचा विषय बदला. फळबागेवरची जुनी मुलाखत आहे ना, ती लावा."

मी म्हटलं, "साहेब, लेखी द्या. क्यू शीटवर बदलाचं कारण लिहावं लागेल मला."

माणूस भला होता, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. खुर्चीत बसले, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, की कार्यक्रम थांबवायचा असेल तर लेखी आदेश पाठवा, फॅक्स सुरू आहे. आम्ही दोघं साडेसहापर्यंत त्या फॅक्सकडे बघत होतो. कागद आला नाही. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. अधिकाऱ्यांनी उत्तरं दिली, शेतकऱ्यांनी प्रश्न विचारले, आभाळ कोसळलं नाही. आठ महिन्यांनी माझी बदली झाली, "प्रशासकीय कारणास्तव". तिचा त्या संध्याकाळशी संबंध होता हे मी तेव्हाही सिद्ध करू शकलो नसतो, आजही करू शकत नाही.

हा प्रसंग सांगण्याचं कारण प्रसारभारती कायद्याचं कलम २३ आहे. पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते मुळातून वाचावं. कायदा १९९० चा. एखाद्या गोष्टीचं प्रसारण करू नका, किंवा सार्वजनिक महत्त्वाची अमुक गोष्ट प्रसारित करा, असा निर्देश सरकार प्रसारभारतीला देऊ शकतं. पण त्यासाठी देशाचं सार्वभौमत्व, एकता, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांपैकी कारण हवं. अशा निर्देशावरून काही प्रसारित केलं, तर "हे सरकारच्या निर्देशावरून आहे" असं श्रोत्यांना सांगायची मुभा महामंडळाला आहे. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची: अशा प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. म्हणजे हस्तक्षेप करायचा असेल तर उजेडात करा, असं कायदाच सांगतो. पीकविम्याची चर्चा यातल्या कुठल्याच कारणात बसत नाही. म्हणूनच फोन येतो आणि कागद येत नाही.

वरच्या खुर्च्यांनाही कायद्याने चांगलं कवच दिलंय. अध्यक्ष आणि मंडळाचे बहुतेक सदस्य निवडायला तिघांची समिती आहे: राज्यसभेचे सभापती, म्हणजे उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष, आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. गैरवर्तनाच्या आरोपावरून अध्यक्षांना काढायचं तर आधी सर्वोच्च न्यायालयाकडून चौकशी व्हावी लागते. एवढं संरक्षण फार थोड्या पदांना मिळतं.

पण काढता येत नसेल तर खुर्ची रिकामी ठेवता येते. ए. सूर्यप्रकाश यांची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये संपली आणि पुढचे अध्यक्ष मार्च २०२४ मध्ये आले. चार वर्षं या महामंडळाला पूर्णवेळ नेमलेला अध्यक्ष नव्हता. त्याआधीचा दाखला अगदी सुरुवातीचा आहे. पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी एस. एस. गिल यांच्यासाठी १९९७ मध्ये अध्यादेशाने वयाची अट काढली, आणि १९९८ मध्ये सरकार बदलल्यावर दुसऱ्या अध्यादेशाने ती परत आणली. गिल घरी गेले. दोन वेगवेगळी सरकारं, हत्यार तेच. याच कायद्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ अशा २२ खासदारांची समिती सांगितली आहे, आणि श्रोत्यांच्या-प्रेक्षकांच्या तक्रारींसाठी प्रसारण परिषद. दोन्ही कागदावरच राहिल्या. माझ्या मते या कायद्याशी झालेली ही सगळ्यांत मोठी प्रतारणा आहे. महामंडळाने संसदेला उत्तर द्यायचं होतं, प्रत्यक्षात ते मंत्रालयाला देत बसलं.

आता पैसा. इथे थोडं मागे जावं लागेल, कारण आपल्याकडे रेडिओ सरकारी झाला तोच मुळी पैसा संपला म्हणून. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी खासगी होती, मिळकत मुख्यतः लायसन्स फीच्या वाट्यावर. लोक सेट घ्यायचे, लायसन्स काढायचे नाहीत. तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि १९३० मध्ये सरकारने प्रसारण हातात घेतलं. पुढे कित्येक वर्षं रेडिओचं लायसन्स पोस्टात काढावं लागे. आमच्या घरी ते छोटं पुस्तक ट्रंकेत रेशनकार्डाशेजारी असायचं, वर्षाकाठी त्यावर तिकिटं चिकटायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ही फी रद्द झाली. लोकांना बरं वाटलं. पण श्रोता आणि केंद्र यांच्यातला पैशाचा थेट धागा त्या दिवशी तुटला, हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. गंमत म्हणजे कायद्याच्या कलम १७ मध्ये अजूनही "लायसन्स फी, असल्यास" असे शब्द आहेत. ती नाहीच, म्हणून उरतं ते त्याच कलमातलं पुढचं वाक्य: सरकारला आवश्यक वाटेल तेवढी रक्कम. "सरकारला आवश्यक वाटेल" या तीन शब्दांवर आमचे पगार चालत.

अनुदान अलीकडच्या वर्षांत अडीच हजार कोटींच्या आसपास राहिलंय आणि त्यातला फार मोठा भाग पगारावर जातो. १४० कोटी लोकांत वाटलं तर माणशी वर्षाला साधारण १८ रुपये. एक कटिंग चहा आणि वर थोडे सुट्टे. याशिवाय प्रसारभारती स्वतः कमावते: जाहिराती, मनोऱ्यांवरच्या जागेचं भाडं आणि डीडी फ्री डिशच्या जागांचा लिलाव. चार कोटींहून अधिक घरांत मासिक वर्गणीशिवाय वाहिन्या पोचवणारी ही सेवा. खासगी वाहिन्या तिच्यावर जागा मिळवण्यासाठी बोली लावतात, आणि हे उत्पन्न आता महत्त्वाचं झालंय. मला त्यात आनंदही आहे आणि काळजीही. कमाई स्वतःची, हे चांगलंच. पण केंद्राच्या माथ्यावर "किती कमावलंत" हा प्रश्न बसला, की शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची वेळ पहिली कापली जाते. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अर्ध्या तासाचा कार्यक्रम वीस मिनिटांवर आला, कारण मधली दहा मिनिटं प्रायोजिताला हवी होती.

जाहिरातींचा अनुभव आपल्याला नवा नाही. विविध भारतीवर पहिल्या जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून आल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. म्हणजे हा प्रयोग महाराष्ट्रातच सुरू झाला. त्या जाहिरातींनी बराच खर्च उचलला आणि कार्यक्रमांत जानही आली. पण रत्नागिरी केंद्रावरून खवळलेल्या समुद्राचा इशारा सांगायला कुठला साबणवाला पैसे देणार? सांगलीच्या केंद्रावर नव्या कीर्तनकाराची ध्वनिचाचणी घ्यायला? जाहिरातदार मोठ्या शहरातला, पैसे खर्चणारा श्रोता बघतो. तो त्याचा धंदा आहे, मी त्याला दोष देत नाही. आणि अजून एक गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा कुणी सांगत नाही. आकाशवाणी-दूरदर्शनचे मोठे जाहिरातदार म्हणजे सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रमच. अनुदान बंद करून जाहिरातींवर गेलात, तर त्याच दारात दुसऱ्या खिडकीतून रांगेत उभं राहायचंय.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे झालं ते नीट समजून घ्यायला हवं. १९६७ च्या कायद्याने तिथे सार्वजनिक प्रसारणासाठी एक महामंडळ उभं केलं. ते स्वतः कार्यक्रम करत नसे, संसदेकडून आलेला पैसा देशभरच्या स्थानिक केंद्रांना वाटत असे. राजकीय दबाव टाळायला पैसा दोन वर्षं आधी मंजूर करायची पद्धत पाडली होती. कल्पना शहाणपणाची होती. आज मंजूर होणारा पैसा दोन वर्षांनी मिळणार, म्हणजे आजच्या बातमीचा राग आजच्या पैशावर काढता येत नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेने आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. राग होता तो राष्ट्रीय पातळीवरच्या बातम्यांवर. पण मोठ्या संस्थांकडे देणगीदार आहेत. सर्वांत जास्त मार बसला तो अलास्कासारख्या विरळ वस्तीच्या भागातल्या लहान केंद्रांना, जिथे दुसरं प्रसारण जवळपास नाही. साध्या कायद्याने दिलेलं साध्या बहुमताने काढून घेता येतं, हे त्यातून दिसलं.

मला अधिक उपयोगी वाटतो तो जर्मनीचा अनुभव. तिथे घरटी महिन्याला १८.३६ युरो वर्गणी आहे. (आपले माणशी वर्षाला १८ रुपये आठवा.) ती किती असावी हे कुठलंही मंत्रालय ठरवत नाही. १६ राज्यांच्या १६ तज्ज्ञांचा एक स्वतंत्र आयोग आहे. वाहिन्या आपली गरज मांडतात, आयोग हिशेब तपासतो, फाजील खर्च कापतो आणि आकडा सांगतो. राज्यांच्या विधानसभांनी तो मान्य करायचा. २०२० च्या अखेरीला झाक्सेन-आनहाल्ट या एका राज्याने अडवणूक केली आणि वाढ रखडली. प्रकरण घटना न्यायालयात गेलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने वाढ लागू केली. पुरेसा पैसा मिळणं हा प्रसारणस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि एका राज्याला ते असं रोखता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पुढची वाढ राज्यांनी पुन्हा लांबवली आहे, त्यामुळे तिथेही सगळं आलबेल नाही. पण भांडण आकड्यावर चालतं, मंत्र्याच्या मर्जीवर चालत नाही. फरक मोठा आहे.

आपल्याकडे न्यायालयाने पाया घातला होता. ९ फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. वाद क्रिकेटचा होता, बंगालची संघटना विरुद्ध माहिती व प्रसारण मंत्रालय, सामने दाखवायचा हक्क कुणाचा यावर. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपल्या महाराष्ट्रातले. न्यायालय म्हणालं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको, आणि नियंत्रण स्वतंत्र, स्वायत्त संस्थेकडे हवं. सात वर्षं धूळ खात पडलेला प्रसारभारती कायदा १९९७ मध्ये लागू झाला, त्यामागे या निकालाचं वजन होतं. पंतप्रधान होते इंद्रकुमार गुजराल. १९७५ मध्ये आणीबाणी लागली तेव्हा हेच गुजराल माहिती व प्रसारण मंत्री होते आणि काही दिवसांतच त्यांच्याकडून ते खातं काढून विद्याचरण शुक्लांना दिलं गेलं होतं. आकाशवाणीच्या जुन्या मंडळींना हा धागा ठाऊक होता. २३ नोव्हेंबर १९९७ ला महामंडळ अस्तित्वात आलं, त्या दिवशी आमच्या केंद्रावर पेढे वाटले होते.

पण न्यायालयाने पैशाबद्दल जर्मनीसारखं काही सांगितलं नाही, आणि ती फट राहिली. तिचा परिणाम काय होतो ते २०१८ च्या सुरुवातीला दिसलं. प्रसारभारती मंडळ आणि मंत्रालय यांच्यात तेव्हा उघड वाद चालू होते. त्यातला एक गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाशी संबंधित होता. उद्घाटन आणि समारोपाचं काम खासगी कंपनीला दिलं आणि त्याचे पैसे दूरदर्शनने द्यावेत असं मंत्रालयाचं म्हणणं. मंडळाने नकार दिला. त्याच सुमारास दोन महिन्यांच्या पगाराचा पैसा मंत्रालयाने रोखला, राखीव रकमेतून पगार करावे लागले, असं तेव्हाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं. मंत्रालयाने आरोप नाकारला, वित्तीय नियमांप्रमाणे करार झाला नव्हता म्हणून उशीर, असं उत्तर दिलं. खरं कोण हे मी ठरवत नाही. पण पगाराचा पैसा एका सहीवर अडू शकतो, ही गोष्ट दोघांच्याही म्हणण्यात समान आहे. ज्या माणसाला पुढच्या महिन्याच्या गृहकर्जाच्या हप्त्याची चिंता आहे, त्याने साडेचारच्या फोनला "लेखी द्या" म्हणावं अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

आता बातमीच्या टेबलाकडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे आणि तिच्याबद्दल बोललं जातं सगळ्यांत कमी. आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या वृत्तविभागांचे प्रमुख बहुतेक भारतीय माहिती सेवेतले अधिकारी असतात. ही सेवा माहिती व प्रसारण मंत्रालयाची. तोच अधिकारी आज पत्र सूचना कार्यालयात सरकारची प्रसिद्धिपत्रकं काढतो, उद्या बदलून वृत्तविभागात येतो आणि त्या प्रसिद्धिपत्रकाची बातमी करायची की नाही हे ठरवतो, परवा पुन्हा प्रसिद्धीकडे जातो. यातल्या अनेकांबरोबर मी काम केलंय, काहींची मराठी आणि बातमीची जाण इतकी पक्की, की मी त्यांच्याकडून शिकलो. प्रश्न माणसांच्या सचोटीचा नाही. ज्या मंत्रालयाकडे तुमची बढती आहे, त्याच मंत्रालयाबद्दलची बातमी तुम्ही लिहायची, ही रचनाच वाकडी आहे.

ती कशी काम करते ते जवळून पाहा. जिल्ह्याचा अंशकालीन वार्ताहर सकाळी फोनवर दोन बातम्या देतो. एका तालुक्यात टँकर चार दिवस आला नाही, बायका रात्री विहिरीवर रांग लावतात. आणि दुसरी, पालकमंत्र्यांच्या हस्ते एका इमारतीचं भूमिपूजन. टँकरची बातमी कुणी "काढून टाका" म्हणत नाही. ती दुसऱ्या सूत्राकडून पक्की करायची म्हणून बाजूला ठेवली जाते, आणि तोवर बातमीपत्राची वेळ होते. भूमिपूजनाचं पत्रक मात्र आधीच आलेलं, शिक्क्यासह, पक्कं करायला काही नाही. अशी रोजची सवय लागली की फोन करायची गरजच उरत नाही. तो वार्ताहर दोन महिन्यांनी टँकरची बातमी देणंच सोडतो. त्याचं मानधन किरकोळ, नेमणूक वर्षावर्षाची. निवेदकांचीही तीच कथा. कायमस्वरूपी भरती कित्येक वर्षं जवळपास थांबलेली, म्हणून केंद्रं नैमित्तिक उद्घोषकांवर चालतात. महिन्याला मोजक्या ड्युट्या, ड्युटीमागे पैसे. ज्याची पुढच्या महिन्याची ड्युटी कुणाच्या तरी इच्छेवर आहे, तो माइकवर एक वाक्य गाळणारच.

पुण्याचं २०२३ चं प्रकरण आठवत असेल. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला. कारण सांगितलं गेलं ते माहिती सेवेचा पूर्णवेळ अधिकारी तिथे नसल्याचं. पश्चिम महाराष्ट्रातल्या श्रोत्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सकाळ त्या बातम्यांनी सुरू होते. ओरड झाली, पुढाऱ्यांनी शब्द टाकला, मंत्र्यांनी आदेश थांबवला. बातमीपत्र वाचलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण पद भरलं नाही म्हणून बंद करायचं तेही मंत्रालय, आणि लोकांनी मागणी केली म्हणून वाचवायचं तेही मंत्रालयच. त्या सगळ्या धावपळीत प्रसारभारती मंडळाचं मत काय होतं हे कुणी विचारलंही नाही. हे विसरू नका की आपल्या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा देता येतात. रेडिओवर बातमी ऐकणाऱ्याला दुसरा पर्यायच नाही. म्हणून तिथली ढिलाई जास्त महाग पडते.

हे एका पक्षाचं पाप आहे असं मात्र समजू नका. एप्रिल २०१४ मध्ये, संयुक्त पुरोगामी आघाडीचं सरकार असताना, दूरदर्शनने घेतलेल्या नरेंद्र मोदींच्या मुलाखतीतला भाग कापला गेला आणि तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी मंडळाला पत्र लिहून स्वायत्ततेच्या अभावाबद्दल उघड खंत व्यक्त केली. ऑगस्ट २०१७ मध्ये, राष्ट्रीय लोकशाही आघाडीचं सरकार असताना, त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांना स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात बदल करायला सांगितलं गेलं, आणि त्यांनी नकार दिल्यावर भाषण प्रसारित झालं नाही. जो विरोधात असतो तो स्वायत्ततेची भाषा बोलतो. सत्तेत आला की फोन उचलतो. वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वतंत्र न्यास सुचवला, त्यानंतर नारायण मूर्तींची समिती झाली, २०१४ मध्ये सॅम पित्रोदांची. चांगले अहवाल आहेत. लायब्ररीत मिळतील.

मग करायचं काय? मला विचाराल तर लायसन्स फी परत आणू नये. गरिबाच्या दारात वसुलीला माणूस पाठवायचा आणि वसुलीवरच पैसा घालवायचा, यात अर्थ नाही. पैसा सरकारी तिजोरीतूनच यावा, पण आपल्याच राज्यघटनेत त्यासाठी दोन चांगल्या वाटा आधीपासून आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे आणि महालेखापरीक्षकांचे पगार संचित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, भारित असतात. संसद त्यावर चर्चा करू शकते, पण मतदानाने तो खर्च अडवता येत नाही. प्रसारभारतीचा पगार आणि केंद्रं चालवण्याचा मूळ खर्च तसा भारित करता येईल. दुसरी वाट वित्त आयोगाची. दर पाच वर्षांनी स्वतंत्र आयोग राज्यांचा वाटा ठरवतो, तसा छोटा आयोग प्रसारणाची पाच वर्षांची गरज ठरवू शकतो. एका निवडणुकीपेक्षा लांब पल्ला, आकडा आधीच जाहीर, आणि मधे हात घालायला जागा नाही.

महालेखापरीक्षकांची तपासणी मात्र आजच्यासारखीच राहावी, हवी तर आणखी कडक व्हावी. बातमीचं स्वातंत्र्य आणि हिशेबातली सूट यांची गल्लत आमच्यातल्याही काही जणांनी केली आहे, आणि तिने संस्थेचं नाव गेलंय.

पण पैशाच्या आधी मी वृत्तविभागाला हात घालीन. प्रसारभारतीचा स्वतःचा वृत्तसंवर्ग हवा, भरती तिची, बढती तिची, आणि त्यातून मंत्रालयात जायचा रस्ता बंद. जिल्हा वार्ताहरांना निदान तीन वर्षांची नेमणूक आणि कारण न देता काढलं तर दाद मागायची सोय. हे करायला घटनादुरुस्ती लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. म्हणूनच ते होत नाही, असं आता मला वाटू लागलंय. पैसा मागणं सोपं असतं, पोस्टिंगवरची पकड सोडायला कुणी तयार नसतं. आणि २२ खासदारांची ती समिती नेमा. नवा कायदाही नको, आहे तोच पाळा.

तुम्ही विद्यार्थिनी आहात, तुमच्या हातात काय आहे, हेही सांगतो. केंद्राच्या ड्युटी रूममध्ये नोंदवही असते, श्रोत्याची तक्रार आली की तारीख-वेळ घालून ती लिहायची असते. "बातम्या एकतर्फी असतात" असा फोन कुणी मनावर घेत नाही. "अमुक तारखेच्या सकाळच्या बातमीपत्रात आमच्या तालुक्यातल्या टँकरबद्दल काहीच नव्हतं, आदल्या दिवशी तहसीलवर मोर्चा होता" असा फोन आला की त्याला उत्तर शोधावं लागतं. मी स्वतः अशा नोंदींच्या जोरावर वरिष्ठांकडे दोनदा विषय रेटून नेलाय. पत्र आलं तर अजून उत्तम, कागदाला कागद लागतो. चांगल्या बातमीचंही कळवा. टँकरची बातमी देणाऱ्या वार्ताहराच्या फायलीत कौतुकाचं एक पत्र असलं, तर नूतनीकरणाच्या वेळी त्याला आधार होतो.

आणि प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. विचारा: प्रसारभारती कायद्याच्या कलम २३ खाली आजवर किती निर्देश दिले गेले, त्यांच्या तारखा काय, आणि त्यांच्या प्रती संसदेपुढे कधी ठेवल्या? त्याच अर्जात कलम १३ खालच्या समितीची आजची स्थिती विचारा, आणि मंत्रालयाने गेल्या पाच वर्षांत पगाराचं अनुदान कोणकोणत्या तारखांना सोडलं तेही. अर्ज प्रसारभारती आणि मंत्रालय दोन्हीकडे वेगवेगळा करा, उत्तरं शेजारी ठेवून वाचा. फी दहा रुपये, अर्ज मराठीतही चालतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पोच जपून ठेवा.